पाटी लावा, मग गाडी सोडा

पहिल्या दिवशी मास्तरांनी मला गाडी शिकवलीच नाही. एक रबरी पट्टा दाखवला.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि स्टिअरिंग असं घट्ट धरलं होतं, जणू कोणी ते पळवून नेणार होतं. मास्तर शेजारी. त्यांनी विचारलं, "अक्का, काय वाटतंय?"

"टेन्शन आलंय," मी म्हणाले.

ते उतरले, पुढे जाऊन बॉनेट उघडलं आणि मला हातानं बोलावलं. मला वाटलं, मी काही करायच्या आधीच गाडी बिघडली. त्यांनी आतला काळा पट्टा अंगठ्यानं दाबून दाखवला.

"टेन्शन हितं असतंय. ह्या पट्ट्याला. कमी झालं की गाडी तापती, जास्त झालं की पट्टा तुटतो. माणसाला टेन्शन नसतंय, अक्का. माणसाला भ्या वाटतं, लाज वाटती, राग येतो. तुमाला ह्यातलं काय झालंय ते सांगा, मग चावी फिरवू."

त्या मोकळ्या मैदानात, उघड्या बॉनेटसमोर, मी वीस मिनिटं उलटतपासणी दिली. भीती वाटतेय म्हणाले तर कशाची? गाडीची म्हणाले तर गाडी बंद आहे. लोकांची म्हणाले तर मैदानात एका गाढवाशिवाय कोणी नाही. शेवटी मी चिडून सांगितलं की, माझ्या शाळेतल्या मुली मैदानालगतच्या रस्त्यानं सायकलवर जातात, त्या बघून हसतील. मास्तरांचा चेहरा उजळला. म्हणाले, मग ही भीती नव्हे, लाज आहे. भीतीनं पाय आखडतो, लाजेनं नुसते कान तापतात. क्लच पायानं दाबायचा आहे, कानानं नाही. बसा.

मी बसले. क्लच दाबला गेला. गाडी तीन फूट पुढे जाऊन बंद पडली, पण गेली.

हे मास्तर साठी ओलांडलेले होते. अंगानं रुंद, उंचीनं बेताचे. मिशा काळ्याभोर, भुवया पांढऱ्याशुभ्र, कारण कलप मिशांपाशीच संपायचा. कपाळावर सकाळी विभूतीचे तीन ठळक पट्टे असायचे. उन्हात नऊ वाजेपर्यंत त्यांतला दीड उरायचा. घरी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि दारातल्या म्हशीशी दोन्ही भाषा. पूर्वी ते सोलापूर ते अकलूज एक खासगी प्रवासी बस चालवायचे. पाठदुखीमुळे ती नोकरी सोडली आणि गाडी शिकवायला लागले, एवढंच आम्हाला माहीत होतं. पाठीमुळेच ते मैदानावर रिक्षानं यायचे. त्यांची ती पांढरी छोटी गाडी, त्यांची पूजा आटपायच्या आधीच, रोज पहाटे त्यांची मुलगी आणून ठेवायची आणि तिथून आपल्या कामाला जायची.

शिकवताना ते सीटवर मांडी घालून बसायचे. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, शिकाऊ गाडीत असतो तसा. पण मास्तरांचे पाय सीटवर, चपला खाली. मी एकदा विचारलं की, मी चुकले आणि वेळ आली तर? ते म्हणाले, "तो ब्रेक माझ्या भ्याचा हाय. तुमच्या भ्याचा ब्रेक तुमच्या पायाखाली हाय." आणि डबा उघडून कडक भाकरी मोडली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा त्यांचा नाश्ता. नेमकी चढावर गाडी उभी असताना ते ती मोडायचे. तो कडकन् आवाज ऐकून नवशिक्यांना गिअर तुटल्यासारखं वाटायचं. एक बँकवाल्या बाई तर गाडी सोडून खाली उतरल्या होत्या म्हणे.

त्यांच्याकडे एकच सिद्धान्त होता आणि तो ते प्रत्येक शिकाऊ माणसाला ऐकवायचे. बसस्टँडवर एक गाडी लागली आहे, तिला पाटी नाही. काय होतं? सगळी गर्दी तिच्यावर धावते. पंढरपूरवाले, अक्कलकोटवाले, बार्शीवाले, सगळे दाराशी लोंबकळतात, ओरडतात, एकमेकांच्या पिशव्या तुडवतात. आता त्याच गाडीला पाटी लावा, 'अकलूज'. क्षणात निम्मी गर्दी बाकावर जाऊन बसते. मनाचंही तसंच आहे. जे वाटतंय त्याचं नाव लावा, निम्मी गर्दी खाली बसते.

"आणि उरलेली निम्मी?" मी विचारलं.

"ती अकलूजलाच जाणारी हाय की. तिला न्यावं लागतंय."

मानसशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक आमच्या तुकडीत होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की, त्यांना एक प्रकारची अस्वस्थता जाणवते आहे. मास्तर म्हणाले, एक प्रकारची म्हणजे कोणत्या प्रकारची? गाडीच्या पाटीवर 'एक प्रकारचं गाव' लिहून चालतंय का? प्राध्यापक तीन दिवस प्रकार शोधत होते. चौथ्या दिवशी त्यांनी कबूल केलं की, धाकटा मेव्हणा एका झटक्यात पास झाला होता आणि आपण नापास झालो तर सासुरवाडीला तोंड दाखवता येणार नाही. त्यानंतर त्यांची गाडी रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. आधी ती गटाराच्या कडेनंच जायची.

दुसरे एक चादरीवाले होते, घरी तेलुगू बोलणारे. माग होते, दुकान होतं, पण गाडी मागे घ्यायची म्हटली की इंजिनच बंद करायचे. ते रोज भीती वाटते म्हणायचे आणि मास्तर रोज मान हलवायचे. एक दिवस त्यांनी निदान केलं, "हे भ्या न्हाय. ही होट्टीकिच्चु हाय." होट्टीकिच्चु म्हणजे कानडीत पोटातली आग, म्हणजे हेवा. चादरीवाल्यांच्या भावानं नवी मोठी गाडी घेतली होती, ती यांच्या दारासमोरच उभी असायची, आणि मागे घेताना तीच आरशात दिसल्यासारखी वाटायची. मास्तर त्यांना म्हणाले की, आग तुमच्या पोटात लागली आहे आणि तुम्ही पाण्याचा बंब भलत्याच घराला पाठवताय. चादरीवाले रागावून दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, सीटवर बसले, समोर बघत म्हणाले, "आहे. आग आहे." आणि आठवड्याभरात गाडी मागे घ्यायला शिकले. भावाच्या गाडीला नंतर एक ओरखडा पडला तो कोणामुळे, हे मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, तो आपल्या शिकवणीचा भाग नाही.

माझी गोष्ट वेगळी होती, आणि मी ती मास्तरांना सांगितली नव्हती. शिकायला का आलात असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा मी सुट्टीत वेळ जात नाही असं सांगितलं होतं. खरं तर सुट्टी नव्हतीच. मी शाळेत भूगोल शिकवते. जगातल्या सामुद्रधुन्या पाठ आहेत, पण शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीतून गाडी काढता येत नव्हती. ती नेहमी नवरा काढायचा. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्याला जेवणाच्या ताटावरच फिट आली. गाडी दारात उभी होती, आणि मी गल्लीच्या तोंडापर्यंत अनवाणी पळत जाऊन रिक्षा शोधत होते. पुढे तो बरा झाला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सध्या गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं. त्यानं घरी येऊन गाडीवर कव्हर घातलं, सुतळीनं चारी बाजूंनी बांधलं आणि त्यानंतर तिच्याकडे कधी बघितलं नाही. गाडीचा विषय काढला की उठून जायचा. म्हणून मी त्याला दहावीचे जादा तास आहेत असं सांगून पहाटे बाहेर पडायचे.

एकदा चौकातल्या सिग्नलला माझी गाडी बंद पडली. मागे पाचसहा रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. मास्तर मांडी घालून स्वस्थ.

"काय वाटतंय?"

मी म्हणाले भीती वाटतेय, मागच्या रिक्षांची. ते म्हणाले, खोटं. रिक्षा काही खात नाहीत. पाटी नीट वाचा.

आणि हिरवा दिवा लागला असताना, भर चौकात, माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. नवऱ्याला परत फिट येईल, गाडी दारात असेल, आणि मी पुन्हा रस्त्यावर अनवाणी पळत असेन. हे मी कोणालाच बोलले नव्हते. त्याला नाही, आईला नाही. स्वतःशीसुद्धा असं सलग बोलले नव्हते. डोळ्यांना धारा लागल्या.

मास्तरांनी त्या दिवशी प्रथमच मांडी मोडली. पाय खाली घेतले, पण ब्रेकवर ठेवले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "चावी फिरवा."

गाडी सुरू झाली. फिटची भीती गेली नाही. ती आजही आहे. पण त्या दिवसापासून रिक्षांची गेली. परतताना मी मास्तरांना जादा तासांचं खोटं आणि सुतळीनं बांधलेली गाडी, दोन्ही सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी दुपारी आमच्या घराची बेल वाजली. दार नवऱ्यानं उघडलं. मास्तरांनी नमस्कार करून सांगितलं की, मी तुमच्या मंडळींच्या जादा तासांचा मास्तर. नवऱ्याला वाटलं शाळेतले सहकारी असतील. त्यानं बसवलं, चहा ठेवायला सांगितला. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी. मास्तरांनी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या, ज्वारीच्या भावाबद्दल बोलले आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "मंडळी तशा हुशार हायेत. फकस्त तिसऱ्या गिअरला अजून जरा कच्च्या."

बाहेर नवऱ्याची कपबशी टेबलावर आदळली.

मग मास्तरांनी गाडी बघायला मागितली. दोघं खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. नवऱ्यानं सुतळीच्या गाठी सोडल्या, कव्हर काढलं, आणि दोघं त्या धुळकट गाडीसमोर देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. काय बोलणं झालं ते नवऱ्यानंच मला नंतर सांगितलं. मास्तरांनी तोच प्रश्न विचारला. तो आधी काही नाही म्हणाला. मग राग आलाय म्हणाला, डॉक्टरांचा. मग माझा, चोरून शिकले म्हणून. मास्तर प्रत्येक उत्तराला मान हलवत राहिले. शेवटी नवरा म्हणाला की, गल्लीतून बायको गाडी चालवत नेणार आणि मी शेजारी बसणार, याची लाज वाटते.

"आमी रोज बायामाणसांच्या शेजारीच बसतो की," मास्तर म्हणाले. "लाज पहिल्या दिवशी वाटती. दुसऱ्या दिवसापासनं फकस्त भ्या वाटतं."

खिडकीतून मला एवढंच दिसलं की, कित्येक महिन्यांनी माझा नवरा बॉनेटवर हात टेकून हसत होता. ते कव्हर पुन्हा गाडीवर चढलं नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी तो माझ्या शेजारी बसायला लागला आणि मास्तरांनी शिकवलेलं सगळं चुकीचं आहे असं सांगायला लागला.

परीक्षेच्या दोन दिवस आधी मास्तरांनी मला कुंभारीच्या बाजूला नेलं. रस्ता मोकळा होता. मी जरा ऐटीत चालवत होते. समोरून येणारा एक ट्रक अंगावर आल्यासारखा वाटला आणि मी स्टिअरिंग एकदम डावीकडे वळवलं. गाडी रस्ता सोडून मातीत उतरली आणि एका बाभळीपासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला काही लागलं नाही. पण मी खाली उतरले आणि जाहीर केलं की, आता मी चालवणार नाही. तुम्ही न्या.

मास्तर म्हणाले, पाठ दुखते. मी म्हणाले, शहर दहा-बारा किलोमीटरवर आहे, एवढं सहन करा. ते म्हणाले, थोडं थांबू. आम्ही थांबलो. त्यांनी भाकरी काढली, मोडली, पण खाल्ली नाही.

तेवढ्यात मागून मेंढरं आली. शे-दीडशे तरी असतील. आमची गाडी नेमकी त्यांच्या पायवाटेवर आडवी उभी होती. मेंढरं गाडीभोवती साचली. मागून काठी घेतलेला एक म्हातारा धनगर आला आणि गाडी बाजूला घ्या म्हणाला. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर उठले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार लावलं. मी खिडकीशी उभी. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. चावी फिरवली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की, इतक्या दिवसांत मी त्यांना त्या सीटवर कधी बघितलंच नव्हतं.

"मास्तर, काय वाटतंय?"

"काय न्हाय. ऊन लागलंय."

सकाळचे साडेआठ वाजले होते. मी तिथून हलले नाही. खूप वेळानं ते म्हणाले, "संकट व्हायलंय." आणि मग माझ्याकडे न बघता समजावलं की, तुमच्या मराठीत संकट बाहेरून येतं. पूर येतो, दरोडा पडतो. आमच्या कानडीत संकट आत असतं. पोटात कळ आल्यासारखं.

मग त्यांनी सांगितलं. अकलूजच्या अलीकडे एका चढावर पुढच्या ट्रॅक्टरची उसाची ट्रॉली सुटली आणि उलटी यांच्या बसवर आली. त्यांनी बस शेतात घातली. चाळीस माणसं वाचली. एक कोंबडी मेली. दुसऱ्या दिवशी गावानं सत्कार केला, शाल घातली, नारळ दिला, पेपरात फोटो आला. कोणी धैर्याबद्दल बोललं, कोणी प्रसंगावधानाबद्दल. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते बसमध्ये चढले तर पाय क्लचवर जाईना.

"शाल अंगावर असताना भ्या वाटतं असं कसं सांगायचं, अक्का? म्हणून पाठ दुखती म्हणालो. तवापासनं दुखतीच हाय."

बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिनं अकरा वर्षं त्यांच्या पाठीला तेल चोळलं होतं.

मास्तर माझ्याकडे बघायचे, तसं मी त्यांच्याकडे बघत राहिले, एवढंच. त्यांनी तळहात मांडीला पुसले. त्यांनी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. पण पाय गेला नाही. त्यांनी इंजिन बंद केलं.

धनगर काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "समदं खरं हाय. पर मेंढरं उन्हात खोळंबल्यात."

मग काय करणार? आम्हा दोघांत गाडी हलवू शकणारी मीच उरले होते. मास्तर उतरले, मी बसले आणि पहिल्या गिअरमध्ये, मेंढरांना हळूहळू सारत, गाडी रस्त्यावर घेतली. पेठेत शिरताना ते एवढंच म्हणाले की, परीक्षेला गाडीनं आठचा आकडा काढताना घाई करू नका.

मी पास झाले. आमच्या तुकडीतले प्राध्यापकही पास झाले, दुसऱ्या खेपेला. आता नवऱ्याला दवाखान्यात तपासणीला मीच नेते. तो शेजारी बसून मला गिअर सांगतो. एकदा मध्यंतरी त्याला पुन्हा फिट आली. मी चपला घातल्या, शेजाऱ्यांच्या मदतीनं त्याला मागच्या सीटवर निजवलं आणि गल्लीतून गाडी काढली. दवाखान्यात पोचल्यावर हात कापायला लागले, आधी नाही.

त्यानंतर वर्षभरानं मास्तरांचा फोन आला. रविवारी सकाळी मोकळ्या आहात का? मी मैदानावर गेले तर ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि मला त्यांनी शेजारची जागा दाखवली. मुलीला का नाही बोलावलं विचारलं, तर म्हणाले, ती बापावर हसेल. बायकोला सगळं सांगून झालं होतं. ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिनं तेलाची बाटली त्यांच्या हातात देऊन स्वतःची पाठ पुढे केली.

कुंभारीच्याच रस्त्यानं निघालो. मास्तर चालवत होते आणि अखंड बोलत होते. आता भ्या वाटतंय. आता जास्त वाटतंय. आता त्या ट्रॅक्टरचा राग येतोय. आता लाज वाटतीय, कारण आपल्याला सायकलवाला मागे टाकून गेला. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून बसले होते, आणि तो मी एकदाही दाबला नाही याचा मला आजही अभिमान आहे. एका चढावर ते दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात गेले आणि एकदम गप्प झाले.

मला काळजी वाटायला लागली. चेहरा बघितला तर कपाळावर घाम नव्हता, विभूतीचे तिन्ही पट्टे शाबूत होते. ते काहीतरी मन लावून शोधत असावेत असं दिसत होतं.

मी विचारलं, "मास्तर, काय वाटतंय?"

त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता नीट विचार केला. मग थोडं नवल वाटल्यासारखं म्हणाले, "काहीच वाटंना की, अक्का. भूक लागलीया नुसती."

आणि पुढच्या हॉटेलासमोर गाडी उभी करून, ती रस्त्यात वाकडी राहिली आहे याकडे ढुंकूनही न बघता, ते आत शिरले.